नॉर्मल एमआरआय आणि नैराश्य

तुमच्या बहिणीला नैराश्य आहे, पण तिचा एमआरआय नॉर्मल आला म्हणून ‘तिला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत’ असं घरचे म्हणतात, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही. तसं अजिबात मानू नका. साध्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, पक्षाघाताच्या खुणा दिसतात; नैराश्य त्यात दिसत नाही. नैराश्याचं निदान आजही रुग्णाशी बोलून, लक्षणं विचारूनच होतं. स्कॅन सांगतात तो बहुधा दुसरा आजार नाही ना, हे पाहायला.

संशोधनात मात्र मेंदूच्या चित्रांनी बरंच शिकवलंय. तीव्र नैराश्यात मेंदूत पुढच्या बाजूला खोलवर असलेला ‘एरिया २५’ जास्त सक्रिय असतो, हे मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांना पेट (पीईटी) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या तपासणीत, दिसलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या टोरांटोतल्या अभ्यासात, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या ६ रुग्णांच्या याच भागात सौम्य वीज देणारे इलेक्ट्रोड बसवले होते. सहा महिन्यांनी ४ जणांत ठळक सुधारणा होती! पुढची मोठी चाचणी मात्र अपेक्षित फरक न दिसल्याने थांबवावी लागली.

मला मेबर्ग यांच्याच गटाचा २०१३चा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. ‘इन्सुला’ या भागाची सक्रियता कमी असलेल्यांना सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) लागू पडलं, जास्त असलेल्यांना एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी. पण ही तपासणी अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

बहिणीची नैराश्यावरची गोळी सुरू असेल तर नॉर्मल एमआरआयच्या जोरावर कुणालाही ती बंद करू देऊ नका. नीट गुण यायला चार-सहा आठवडे लागतात.