प्रति: मॉलच्या इंटरव्ह्यूला इंग्लिश लागतं का?
कॅशियर नि फ्लोअरच्या कामाला नाही लागत, निदान मला तरी लागलं नाही. माझ्या वेळी मॅनेजरने दुधाच्या दोन पिशव्या समोर ठेवल्या, एकीची मुदत उद्याच संपणारी, म्हणाला रॅकला लाव, मी ती पुढे लावली नि नवी मागे, झालं, अर्धा इंटरव्ह्यू तिथेच संपला. मग विचारलं, गिऱ्हाईक म्हणालं यावर जीएसटी वेगळा का, तर काय सांगशील? (एमआरपीत सगळे टॅक्स धरलेलेच असतात, एवढं पाठ करून जा.) एक मात्र नक्की विचार, पगार सांगतायत तो हातात येणारा का कापायच्या आधीचा, कारण पीएफचे मूळ पगाराच्या १२% जातात नि २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) ०.७५% पण. मी लाजून विचारलं नाही, पहिल्या पगाराला तोंड एवढंसं झालं. आणि चप्पल घालून जाऊ नकोस, पायाकडे बघतात ते.