एक घर, पाच जाहिराती: बडोद्यातली घरं साइटवर लावायची तरी कशी?

रावपुऱ्याचा
भाच्याने बडोद्यापुरती घरं-फ्लॅटांची साइट काढली आहे आणि नोंदी लावायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. मी बँकेतून निवृत्त, एक्सेल येतं, एवढीच माझी पात्रता. तीन आठवड्यांत दोनशेवर नोंदी हाताखालून गेल्या, आणि आता मत देण्याइतका वैतागलो आहे.

गोत्रीतला एक फ्लॅट घ्या. पाच दलालांनी पाच वेळा टाकलेला. एक म्हणतो 'गोत्री', दुसरा 'गोत्री टच', तिसरा थेट 'न्यू अलकापुरी'. क्षेत्रफळ कुठे १५५० फूट, कुठे १५००, कुठे ९४०. किंमत ५२ लाखांपासून ५८ लाखांपर्यंत. हे एकच घर आहे हे मला कळलं ते हॉलमधल्या घड्याळावरून. पाचही जाहिरातींत तेच मोराचं घड्याळ, पावणेचारवर बंद पडलेलं.

माझं म्हणणं असं की एक घर एकदाच दिसावं, दलाल पाच असले तर पाचांची नावं त्याखाली. क्षेत्रफळ फक्त कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम घालणारा कायदा, २०१६चा, १ मे २०१७पासून पुरता लागू झाला, नव्या स्कीममध्ये बिल्डरला कार्पेट सांगावंच लागतं. मग जुन्या फ्लॅटला जिना, लिफ्ट आणि पॅसेज मिळवून १५५० कशाला करायचे? आणि सगळ्यात वर, किमतीच्याही आधी, एक खाना: इथे पुराचं पाणी आलं होतं का? कोणत्या साली, किती?

भाचा म्हणतो, मामा, अशाने कुणी नोंदच टाकणार नाही. तुम्ही सांगा.

एक_टक्का
मी दलाल. नाव मुद्दाम घेतलंय, शिव्या द्यायला सोपं जावं म्हणून.

काका, घड्याळ ओळखलंत, मान गए. पण पाच जाहिराती होतात त्या मालकामुळे. तो किल्ली पाच जणांना देतो आणि लेखी एकालाही देत नाही. मी पार्टीला मे महिन्याच्या उन्हात माझ्या पेट्रोलवर फिरवतो आणि बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, होतो मालकाच्या साडूमार्फत. अशा वेळी मी पक्का पत्ता टाकला तर गिऱ्हाईक सरळ वॉचमनला गाठतं. 'टच' लिहितो ते त्यासाठी.

आणि पाच नावं एकाखाली एक लावलीत तर पहिलं कोणाचं? फोन पहिल्यालाच जातो. उद्या तुमच्याकडे लोक पेढे घेऊन येतील, नाव वर सरकवायला.

एक खाना मात्र आजच घाला: अशांत धारा. गुजरातचा १९९१चा कायदा आहे, सरकारने 'अशांत' जाहीर केलेल्या पट्ट्यात विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते. बाहेरगावच्या पार्टीला हे टोकन देऊन झाल्यावर कळतं, मग महिनोन्‌महिने अडकते. हे लपवून कुणाचंच भलं होत नाही, आमचंही नाही.

मांजलपूरची_मुलगी
मालकाने लेखी दिलं नाही याची शिक्षा गिऱ्हाइकाला का?

आई-बाबांसाठी घर बघतेय, मी पुण्याहून, ते बडोद्यातून. समा भागातला एक फ्लॅट, दुसरा मजला, 'नदीपासून लांब'. फोटो चकाचक, सगळे घराच्या आतले. बाबांना घेऊन गेले. खाली पार्किंगमध्ये खांबांना नवा रंग, पण तो छातीपर्यंतच. त्याच्यावर जुना पिवळा तसाच. बाबांनी खांबाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. वॉचमनला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. ऑगस्ट २०२४, म्हणाला, इथवर. आणि स्वतःच्या छातीवर हात आडवा धरला.

तीन खेपा, तीन वेळा आगगाडीचं तिकीट. काकांचा खाना असता तर मी फोनसुद्धा केला नसता.

एक_टक्का
ताई, दुसरा मजला होता ना? घरात पाणी आलं का? नाही. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात २० इंच पाऊस पडला, तेव्हा बडोद्यात पाणी कुठे नव्हतं ते दाखवा. तुमच्या हिशोबाने समा, अकोटा, फतेगंज, मुजमहुडा सगळ्यांवर लाल शेरा मारायचा का? एका गल्लीत कमरेएवढं पाणी आणि मागच्या गल्लीत पाय कोरडे, असं हे गाव आहे. हा खाना भरणार कोण? मालक खोटं लिहील, शेजारी जळून लिहील.

मांजलपूरची_मुलगी
दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही, बरोबर. मीटर खाली असतात. पाणी चढवायची मोटर खाली, लिफ्टचा खड्डा खाली, गाडी खाली. वीज गेली की वरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. बाबा ७४ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. विश्वामित्री नदी त्यांच्या हॉलमध्ये यायलाच हवी असं नाही.

टेनामेंटवाला
विकणाऱ्याची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. कारेलीबागेत माझं टेनामेंट, म्हणजे रांगेतलं बैठं घर, आहे. २०१९ला पाणी उंबऱ्याच्या आत चार बोटं आलं. फ्रिज गेला, आईच्या लग्नातली पेटी गेली. पुढच्या वर्षी कर्ज काढून आतली जोती, फरशी, दारं सगळं तीन फूट उचललं. २०२४ला रस्त्यावर नदी होती, घरात थेंब नाही.

आता साइटवर 'पाणी आलं होतं: होय' एवढंच दिसलं तर माझे तीन फूट गेले कुठे? हो-नाहीचा खाना माझ्यासारख्याला मारतो, आणि ज्याने नुसता रंग मारला त्याला वाचवतो, कारण तो बिनदिक्कत 'नाही' लिहिणार.

रावपुऱ्याचा
टेनामेंटवाले, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान्य. हो-नाही काढतो. साल, रस्त्यावर किती, घरात किती, आणि त्यानंतर काय काम केलं, असं लिहायला जागा ठेवतो. गाळून बघणाऱ्यासाठी हे गैरसोयीचं आहे हे कळतंय, पण चालेल.

फिल्टरवाली
असल्या साइटी बनवणं माझा धंदा आहे, थोडक्यात सांगते. काका, माणूस आधी बजेट टाकतो, मग एरिया, मग बाकीचं. पहिल्या ओळीत पूर दाखवलात तर तो पुढे वाचणारच नाही. एरिया टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. मग 'न्यू अलकापुरी' आपोआप गोत्रीत जाऊन बसेल. आणि नोंद ३० दिवसांनी आपोआप उतरवा, हवी असेल तर दलाल परत चढवेल. विकलेली घरं गळाला लावून फोन गोळा करणारे निम्मे तिथेच गळतील.

एक_टक्का
३० दिवस कमी आहेत. श्राद्धपक्षात कोण घर बघतं? त्यातच १५ गेले.

फिल्टरवाली
४५ करा मग. ही घासाघीस मला ऑफिसातही करावी लागते.

रावपुऱ्याचा
४५. आणि पुराचा खाना सक्तीचा नाही करत, पण रिकामा सोडला तर नोंदीवर ठळक दिसेल: 'सांगितलेलं नाही'. पहिल्या ओळीत नाही, पण किमतीच्या शेजारी. यावर भाचाही गप्प बसला.

एक_टक्का
मग सगळेच 'सांगितलेलं नाही' ठेवतील. लिहून घ्या.

टेनामेंटवाला
मी नाही ठेवणार. आणि मी सांगितलं की माझ्या रांगेतल्या बाकीच्यांना सांगावं लागेल.

दांडियाबाजारचे_आजोबा
तुमचं चालू द्या, माझा एक प्रश्न आहे. आमचा वाडा विकायचा आहे. पोराने तुमचा फॉर्म उघडला. बीएचके किती, विचारतो. ओसरी, माजघर, देवघर, माडीवर दोन खोल्या, मागे न्हाणी, मध्ये चौक. यात हॉल कुठला धरू? पोराने '३ बीएचके' टाकलं, तर फोन आला की बाल्कनी आहे का. मी म्हटलं, चौकात तुळस आहे.

दुसरं. प्रॉपर्टी कार्डावर सात नावं आहेत, त्यातली दोन अमेरिकेत. त्याला खाना नाही.

फिल्टरवाली
आजोबा, 'वाडा' असा वेगळा प्रकार करून घेऊ. सह्या किती लागतील याचाही खाना हवाच, फ्लॅटांनासुद्धा.

एक_टक्का
आणि कार्पेट कसं मोजणार ते बघा. कायद्याच्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, गॅलरी, उघडी गच्ची धरत नाहीत, पण आतल्या भिंती धरतात. आजोबांच्या आतल्या भिंती दीड-दीड फुटांच्या असणार. चौक सुटणार आणि भिंती विकल्या जाणार!

रावपुऱ्याचा
शनिवारी टेप घेऊन येतो आजोबा. चौक वेगळा मोजू, वेगळा लिहू.

दांडियाबाजारचे_आजोबा
या. दोन ते चार नको, दार उघडत नाही कुणी.