मदत हवी आहे: वापरलेली बॉक्स्टर घेताना कुठले ऑप्शन खरंच बघायचे? (सातारा)

यवतेश्वरकर

नमस्कार मंडळी,

टप उघडणारी दोन सीटची गाडी घ्यायची, हे घरात एकदाचं ठरलंय. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, मागच्या सीटवर बसायला कुणी उरलं नाही आणि रोजच्या कामाला जुनी एसयूव्ही आहेच. बजेटचा आकडा इथं लिहीत नाही, आमचे मेहुणे हा फोरम वाचतात.

मॉडेलही ठरलंय. पोर्शे बॉक्स्टर, ९८१ पिढी, म्हणजे २०१२ ते २०१६ मधली. त्यानंतरची ७१८ बघितली, पण तिच्या साध्या आणि एस मॉडेलात चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. मला सहा सिलिंडरचाच आवाज हवाय. आधीच्या ९८७ मध्ये २००८ पर्यंतच्या इंजिनांना आतलं आयएमएस बेअरिंग निकामी होण्याची भीती, म्हणून तीही सोडली.

आता दोन गाड्या समोर आहेत, मागणीची किंमत जवळपास सारखीच.

पहिली पुण्यातली. २०१३ ची साधी २.७ लिटर, पीडीके (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, एकच मालक, सर्व्हिसचे सगळे कागद. पण ऑप्शनच्या नावानं जवळपास शून्य. १८ इंची चाकं, साध्या सीट, साधा म्युझिक सिस्टिम.

दुसरी परराज्यातली. २०१४ ची बॉक्स्टर एस, ३.४ लिटर, तिसरा मालक. हिच्यात पीएएसएम सस्पेन्शन, स्पोर्ट क्रोनो, स्पोर्ट एक्झॉस्ट, २० इंची चाकं, बोसचे स्पीकर, लाल सीटबेल्ट असं सगळं काही आहे. फोटो बघूनच माणूस खुळा होतो.

वापर असा: रविवारी पहाटे यवतेश्वर घाटातून कास, कधी पसरणी चढून पाचगणी-महाबळेश्वर, महिन्यातून एखाद्या वेळी पुणे. ट्रॅकवर जाणार नाही. या वापराला यातले कुठले ऑप्शन कामाचे आणि कुठले नुसते मिरवायचे? ज्यांनी असल्या गाड्या वापरल्यात त्यांनी जरा सविस्तर सांगा.

खड्डेमापक

बोगद्याकडून वर चढताना जे स्पीडब्रेकर आहेत ते पार करायचा ऑप्शन आहे का त्यात? असेल तर तोच घ्या.

फ्लॅटसिक्स_पुणे

दादा, अभिनंदन. माझ्याकडं याच पिढीची साधी २.७ आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

ऑप्शनची यादी हातात आली की आधी एकच विचारायचं: हे मला नंतर बसवता येईल का? म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, चाकं, क्रूझ कंट्रोल, अगदी स्पोर्ट एक्झॉस्टसुद्धा नंतर बसतं. त्यासाठी गाडीला जास्त पैसे मोजू नका. सस्पेन्शन, सीट, हेडलाइट, स्पोर्ट क्रोनो ही मंडळी कारखान्यातूनच आलेली बरी. नंतर करायला गेलात तर खर्च आणि वायरिंगची डोकेदुखी दोन्ही मागं लागतं. त्यामुळं पारखायचंय ते एवढ्यांनाच.

सगळ्यात महत्त्वाचं सस्पेन्शन आणि चाकं. पीएएसएम म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर रस्त्याप्रमाणे स्वतःला कडक-मऊ करतात. गुळगुळीत हायवेवर आणि घाटाच्या वळणांत मजा येते, नाकारत नाही. पण पीएएसएमची गाडी साध्या गाडीपेक्षा १० मिलिमीटर खाली बसते. जर्मनीत हा आकडा कुणी मोजत नसेल, साताऱ्यात प्रत्येक स्पीडब्रेकरला मोजाल. शिवाय बारा वर्षांच्या गाडीचे ते इलेक्ट्रॉनिक शॉक ॲब्सॉर्बर गळायला लागले तर साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतात. साध्या सस्पेन्शनची ९८१ ही काही गरीब गाडी नव्हे. इंजिन मधोमध, वजन पुढच्या-मागच्या चाकांवर नीट वाटलेलं, तिला वळायला इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही.

चाकांचं तर विचारूच नका. १८ इंचीला पुढं २३५/४५ आणि मागं २६५/४५ टायर लागतात. २० इंचीला तेच २३५/३५ आणि २६५/३५ (दुसरा आकडा टायरच्या उंचीचा). म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये जे रबर असतं तेच कमी होतं. आणि या गाडीत स्टेपनी नाही. टायर फाटला तर सोबत फक्त पंक्चरचं द्रावण आणि छोटा कॉम्प्रेसर, आणि साइडवॉल कापली गेली असेल तर त्या द्रावणाचा काडीचा उपयोग नाही. कासच्या रस्त्यावर फोनला रेंज शोधत गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकची वाट बघायची तयारी असेल तर २० इंची घ्या. फोटोत ती छान दिसतात, हे मान्य.

सीट मात्र नीट बघा. टप उघडून चालवायच्या गाडीत माणूस सगळ्यात जास्त वेळ कशाला चिकटलेला असतो? गरम होणाऱ्या सीटला आपल्याकडं लोक हसतात. डिसेंबरमध्ये सूर्योदयाच्या आधी महाबळेश्वरला टप उघडून गेल्यावर कुणी हसत नाही. पाय हिटरनं गरम, पाठ सीटनं गरम आणि तोंडावर गार वारा, हा या गाडीचा खरा मोसम आहे. सीटला हवा देणारा व्हेंटिलेशनचा ऑप्शन असेल तर आणखी उत्तम. काळं लेदर आणि एप्रिलचं ऊन हे लग्न टिकत नाही. उलट स्पोर्ट सीट प्लसच्या उंच कडांमुळं उतरताना कमरेची परीक्षा होते. वहिनींना आधी बसवून, उतरवून बघा.

हेडलाइट: झेनॉन (जास्त उजेडाचे) आहेत की हॅलोजन ते तपासा. साखर कारखाने सुरू झाले की रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली कुठं उभी असेल सांगता येत नाही. स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे असतील तर घाटात फार उपयोगी. मागचे पार्किंग सेन्सर आणि आपोआप मिटणारे आरसे हे दिसायला किरकोळ, पण टप बंद असताना मागचं फारसं दिसत नाही आणि तुमच्या पेठांतल्या बोळांची रुंदी तुम्हाला माहीत आहेच.

बाकीचं पटापट. स्पोर्ट क्रोनो: स्पोर्ट प्लसचं बटण, लाँच कंट्रोल (उभ्या गाडीला एकदम सुसाट सोडणारं), डॅशबोर्डवर स्टॉपवॉच. पोवई नाक्याच्या सिग्नलला लाँच कंट्रोल वापरणार असाल तर घ्या. पीटीव्ही म्हणजे वळताना मदत करणारं मागचं मेकॅनिकल डिफरन्शियल लॉक, चांगली चीज, पण तिची किंमत ट्रॅकवर कळते. सिरॅमिक ब्रेक असतील तर मी तरी लांब राहीन, एका डिस्कच्या किमतीत माणूस जुनी मोटरसायकल घेईल. बोस: टप उघडून ८० च्या वर गेलात की वारा आणि इंजिन एवढंच ऐकू येतं. लाल सीटबेल्ट: हे काय विचारणं झालं!

कृष्णाकाठ

सांगलीतनं लिहितोय. फ्लॅटसिक्सभाऊंनी सगळं सांगितलं, पण आमच्याकडचा पहिला प्रश्न राहिला. गाडी पाण्यात गेली होती का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. त्यानंतर २०२१ ला पुन्हा. तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठं कुठं विकल्या गेल्या ते देवाला ठाऊक. आणि पूर काय फक्त आमच्याकडंच येत नाही, दुसरी गाडी परराज्यातली आहे म्हणता. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीचा डाग राहतो. कार्पेट उचलून वास घ्या. पुढच्या डिकीच्या कोपऱ्यात, सीटच्या रुळांत गाळ बसलाय का बघा. लाल सीटबेल्ट असले तर एक फायदा आहे मर्दा, डाग लगेच दिसतो.

दुसरं, आमच्या इकडं ऊन असं असतं की दुपारी टप उघडली तर डोकं भाजतं. मिरजेतल्या एका ओळखीच्यांकडं असली गाडी आहे, ते मार्च ते मे सकाळी नऊनंतर टप उघडतच नाहीत. तुम्ही साताऱ्यात बरे आहात.

यवतेश्वरकर

फ्लॅटसिक्स, कृष्णाकाठ, मनापासून आभार. व्हेंटिलेशनवाली सीट डोक्यातच नव्हती.

एक शंका. ऑप्शन बाजूला ठेवले तरी एसचं इंजिन मोठं आहे. साधीची ताकद २६५ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच), एसची ३१५. घाट चढताना ५० पीएसचा फरक जाणवणार नाही का?

फ्लॅटसिक्स_पुणे

जाणवतो. खोटं कशाला बोलू? पण २.७ चं इंजिन वरच्या आरपीएमला गातं, आणि पसरणीच्या वळणांत तुम्ही ते दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण वापरू शकता. एसला त्याच रस्त्यावर अर्धा गॅस दिला की पुढचं वळण आलेलं असतं. तुमच्या वापराला मी एससाठी थोडे जास्त पैसे दिले असते, तिसऱ्या मालकाचा धोका मात्र पत्करला नसता.

घाटमाथा_७

बीएमडब्ल्यू झेड४ चा विचार का नाही? पत्र्याचं छप्पर घडी होतं, कापडाची कटकट नाही, पावसात आवाजही कमी.

यवतेश्वरकर

केला होता. पण २००९ ते २०१६ च्या झेड४ मध्ये छप्पर डिकीत जाऊन बसतं, ३१० लिटरची डिकी १८० वर येते. बॉक्स्टरला पुढं १५० आणि मागं १३०, टप उघडा नाहीतर बंद, तेवढीच. बायकोला महाबळेश्वरला दोन रात्री राहायचं तर बॅग लागते, आणि स्ट्रॉबेरीच्या पेट्या वेगळ्या. कापडाचं छप्पर ९ सेकंदांत उघडतं, ५० च्या वेगापर्यंत चालत्या गाडीतही. अचानक सर आली तर तेच बरं.

कागदीघोडे

कागदपत्रांचं मी सांगतो. परराज्यातली गाडी म्हटलं की फॉर्म २८ ची एनओसी, मग इथं नव्यानं नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा. आपल्याकडं महागड्या पेट्रोल गाडीला नव्यानं घेताना टॅक्सचा दर चांगलाच आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी या किमतीच्या गाडीला आकडा लहान नसतो. तिकडच्या टॅक्सचा परतावा मागता येतो, मिळेपर्यंत चपला झिजतात. तेव्हा दोन्ही गाड्यांची किंमत 'सारखीच' आहे असं समजू नका, दुसरीत टॅक्स मिळवून बघा.

पुण्याची गाडी एमएच १२ वरून तुमच्या नावावर आणायला फॉर्म २९ आणि ३० मुख्य. कर्ज होतं का ते बघा, असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. दोन्ही गाड्यांचे नंबर एम-परिवहन ॲपवर टाका, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, सगळं दिसतं.

खड्डेमापक

पहिल्यांदाच या धाग्यावर कामाचं विचारतो. विकणारा म्हणतो पीएएसएम आहे, एक्झॉस्ट आहे. ते खरंच कंपनीचं आहे की बाहेरून बसवलंय हे कसं ओळखायचं?

फ्लॅटसिक्स_पुणे

चांगला प्रश्न. पुढचं बॉनेट उघडा, आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, तसाच सर्व्हिस बुकात. त्यावर तीन आकड्यांचे कोड. ४७५ असेल तर पीएएसएम कारखान्यातलं, १७६ म्हणजे स्पोर्ट एक्झॉस्ट, २२० म्हणजे पीटीव्ही, २५० म्हणजे पीडीके. स्टिकर फाटलेला किंवा बॉनेटच बदललेलं असेल तर पुढून ठोकर बसली होती का, हे विचारायची वेळ आली.

आणि दादा, स्कॅनर लावून ओव्हररेव्हचा रिपोर्ट काढायला सांगा. इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं, ते सहा टप्प्यांत नोंदलेलं असतं, सोबत एकूण चाललेले तासही. किलोमीटरला तासांनी भागा, सरासरी वेग निघतो. मीटरशी छेडछाड झाली असेल तर हिशेब जुळत नाही.

यवतेश्वरकर

अपडेट: पुण्याची गाडी बघून आलो. येताना मालकांनी स्वतःहून खंबाटकीतून चालवायला दिली, भला माणूस. स्टिकर जागेवर आहे. ४७५ नाही, १७६ नाही. पण गरम होणाऱ्या सीट निघाल्या, जाहिरातीत लिहिलंच नव्हतं! झेनॉन आहेत, मागचे सेन्सर आहेत. टायरवर खोबणी भरपूर, पण बाजूच्या चार आकड्यांवरून २०१८ चे निघाले, म्हणजे चारही बदलणं आलं. तेवढे किमतीतून कमी करायला ते तयार आहेत. दुसऱ्या गाडीच्या दलालानं ओव्हररेव्हचा रिपोर्ट मागितल्यापासून फोन उचललेला नाही.

टोकन देण्याआधी अजून काही बघायचं राहिलंय का?

फ्लॅटसिक्स_पुणे

टायर घेताना साइडवॉलवर एन० किंवा एन१ असा पोर्शेच्या मान्यतेचा शिक्का बघा, चारही एकाच कंपनीचे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललंय का ते कागदात शोधा. पाण्याचा पंप हा या इंजिनाचा दुबळा भाग, खालून कूलंटचे गुलाबी डाग दिसतात का बघा. पुढच्या बंपरच्या दोन्ही नाकपुड्यांत टॉर्च मारा, आत रेडिएटरसमोर पाला साचून एसीचे कंडेन्सर कुजतात. टप अर्धी उघडून दोन्ही बाजूंच्या ड्रेन होलमध्ये थोडं पाणी ओता. चाकामागून खाली पडलं तर ठीक, आत राहिलं तर साताऱ्याचा एक पावसाळा पुरे.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरी चार्जर लावून ठेवा. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली आणि बॉनेट उघडतं विजेवर. ती पार उतरली तर पायाजवळच्या फ्यूज बॉक्समधलं टर्मिनल बाहेर ओढून बाहेरून करंट द्यावा लागतो. हे मालकांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या, आणि फोनवर व्हिडिओ काढून ठेवा.

कृष्णाकाठ

आणि मेहुण्यांना आकडा सांगू नका.