सेट बदलला की रात्री साखर तीनशेच्या वर. पंप सोडून पेन कधी हातात घ्यायचं?

नमस्कार. माझ्या लेकीला टाइप १ मधुमेह आहे. वय ११, वजन ३१ किलो. आधी इन्सुलिनच्या पेनने दिवसाला चार टोचण्या होत्या, गेले चार महिने इन्सुलिन पंप आहे. शाळेत डबा खायच्या आधी बाजूला जाऊन टोचून घ्यावं लागत नाही, त्यामुळे ती खूश आहे आणि दुपारची साखरही खरंच सुधारली आहे. तेव्हा पंप काढायचा विचार नाही. पण सेट (पंपाची नळी आणि त्वचेखाली बसणारी कॅन्युला) बदलायच्या रात्री मला झोप लागत नाही.

गेल्या शुक्रवारी रात्री साडेनऊला, जेवणं आटोपल्यावर सेट बदलला. झोपताना साखर १६८. साडेबाराला अंगावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म वाजला. सेन्सर थोडा मागे असतो म्हणून बोटाची तपासली, २९४. पंपाने सुचवलेलं करेक्शन (वाढलेली साखर उतरवायचा जादा डोस) दिलं. दोन वाजता ३४१. पंपाच्या हिशेबात आधीचं इन्सुलिन अंगात शिल्लक होतं, म्हणून त्याने दोनच युनिट सुचवले, तेही दिले. साडेतीनला ३८८. ती पोट दुखतंय म्हणत उठून बसली. लघवीची किटोन पट्टी (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारे घातक किटोन दाखवणारी) गडद गुलाबी झाली. तेव्हा कुठे मी कॅन्युला काढून पाहिली. मऊ नळी आत दुमडलेली होती. म्हणजे माझ्या लेकराच्या अंगात सहा तास इन्सुलिन जवळजवळ गेलंच नव्हतं आणि पंप मात्र दिल्याची नोंद करत होता. अडथळ्याचा अलार्म एकदाही वाजला नाही.

डॉक्टर मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितला तेवढा डोस पेनने दिला, नवा सेट लावला, पाणी पाजत राहिले. सातपर्यंत साखर २१० वर आली आणि पट्टीचा रंगही उतरला. उलटी झाली नाही हे नशीब. झाली तर थेट दवाखान्यात या, असं मॅडमनी बजावलं होतं.

पेनच्या काळात दिवसभर पुरणारं इन्सुलिन अंगात असायचं, एखादा डोस चुकला तरी आधार होता. पंपात फक्त झटपट काम करणारं असतं. नळी बंद पडली की काही तासांत किटोन. हे शिकवलं होतं, पण रात्री दोन वाजता मी मशीनवर विश्वास ठेवला, त्याचं फार वाईट वाटतंय.

तुमच्याकडे मुलं पंपावर असतील तर सांगा: किती वेळ वाट बघून तुम्ही पेन घेता? पेनने दिल्यावर पंपाच्या हिशेबाचं काय करता? आणि बारीक अंगाच्या मुलांना कोणती कॅन्युला टिकते? हिची पोटावर चिमूटभरसुद्धा चरबी नाही. आम्ही अकोल्याचे, इथे पंप वापरणारं दुसरं घर मला माहीत नाही.

प्रतिसाद (नाशिक, मुलगा ९ वर्षांचा)
ताई, स्वतःला दोष देऊ नका, आमच्याकडेही हे दोनदा झालंय. लहान मुलांचा बेसल (पंप दिवसभर थोडं थोडं देतो ते इन्सुलिन) इतका कमी असतो की नळीत दाब साठून अलार्म वाजायला कितीतरी तास लागतात. त्यामुळे अलार्म नाही म्हणजे इन्सुलिन जातंय असं धरू नका. आमच्या डॉक्टरांचा नियम असा: कारण नसताना २५० च्या वर गेली तर किटोन बघायचे आणि पंपाने एकच करेक्शन. किटोन असतील, किंवा तासा-दीड तासात साखर उतरली नाही, तर पुढचा डोस पेननेच आणि सेट नवा. दुसरं करेक्शन त्याच सेटमधून कधीच नाही. आणि सेट रात्री बदलूच नका. सकाळी बदला, म्हणजे पुढचे तीन तास मूल डोळ्यासमोर असतं.

प्रतिसाद (पुणे, स्वतः टाइप १, पंपावर ६ वर्षं)
पेनचा डोस पंपाला कळत नाही. ऑटो मोड (सेन्सर बघून पंप स्वतःच डोस ठरवतो तो) चालू ठेवलात तर तो वरून आणखी देत राहील आणि पहाटे साखर एकदम खाली येईल. मी चार तास मॅन्युअलवर ठेवते. तुमच्या पंपासाठी किती, ते मॅडमना विचारा. बारीक अंगाला तिरकी बसणारी कॅन्युला किंवा स्टीलची सुई असलेला सेट मिळतो. स्टील दुमडत नाही, पण दर दोन दिवसांनी बदलावा लागतो.
एक कळकळीने सांगते. पेन बंद पडलं आणि पंपाच्या बाटलीतून सिरिंजने घ्यायची वेळ आली, तर केशरी टोपणाची, १०० ची (मिलीला १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीची) सिरिंजच वापरा. आपल्याकडे केमिस्ट लाल टोपणाची ४० ची सहज हातात देतो. तिच्या खुणांवर मोजलं तर अडीचपट इन्सुलिन जाईल.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सिरिंजचं वाचून लगेच कपाट उघडलं, आमच्याकडे लाल टोपणाचीच होती. काढून टाकली. मॅडमशी बोलले, एका करेक्शननंतर पेन, हे त्यांनी डोसासकट लिहून दिलं आणि तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. तिरक्या कॅन्युलाचे दोन सेट मागवलेत. रविवारी सकाळी आठला बदलला, अकराला साखर १३२. आता शाळेतल्या बाईंना यातलं किती आणि कसं समजावून सांगायचं? तुम्ही शाळेला काय लिहून दिलंय, ते इथे टाकाल का?