'थ्री-बेट पॉट' : यातले तीन कशाचे?

प्रश्न : नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारावरच्या गप्पांत 'थ्री-बेट पॉट' सतत ऐकू येतं (पॉट म्हणजे मधे जमलेले पैसे). एकाने रेज केलं, दुसऱ्याने री-रेज केलं, म्हणजे वाढ झाली दोनदाच. मग तीन कुठून आले? की आधीच्या रकमेच्या तिप्पट असा अर्थ आहे?

उत्तर : तिप्पट नव्हे. मोजणी बिग ब्लाइंडपासून, म्हणजे एका खेळाडूला पत्ते बघण्याआधीच भराव्या लागणाऱ्या रकमेपासून सुरू होते. ती पहिली बेट, रेज ही दुसरी, री-रेज ही तिसरी. लिमिट पोकरमध्ये प्रत्येक वाढ ठरलेल्या रकमेचीच असते, त्यामुळे री-रेज झालं की समोर खरोखर तीन बेटींचे पैसे दिसतात. नो-लिमिटमध्ये रकमेचं बंधन गेलं, नाव तेच राहिलं. तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण पोझिशन (समोरच्यानंतर खेळायची संधी) असताना थ्री-बेट बहुधा आधीच्या रेजच्या तिपटीच्या आसपासच करतात. पोझिशन नसेल तर चौपटीच्या जवळ जातात, तरी ती थ्री-बेटच. आणि तीन पत्तीवाल्यांनी 'ब्लाइंड' शब्दाने फसू नये. हा ब्लाइंड म्हणजे सक्तीचे पैसे, आपल्या बूटासारखे, फक्त ते सगळ्यांना भरावे लागत नाहीत.

प्रश्न : मग फ्लॉपवर (मधे पहिले तीन पत्ते उघडल्यावर) बेट, रेज, री-रेज झालं तर तोही थ्री-बेट पॉट?

उत्तर : नाही. फ्लॉपवर मोजणी नव्याने होते आणि तिथलं री-रेजही थ्री-बेटच म्हणवतं. पण 'थ्री-बेट पॉट' म्हणजे फ्लॉपच्या आधी री-रेज झालं आणि त्याला कॉल मिळाला, म्हणजे तेवढेच पैसे भरून कोणी खेळात राहिलं. हा फरक जपायलाच हवा, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर ठरतो.

1-2 चा गेम घ्या (छोटा ब्लाइंड 1, बिग ब्लाइंड 2), दोघांकडे 200. पहिल्याने 6 केले, बटनने (डीलरच्या जागेवरच्या, फ्लॉपनंतर शेवटी खेळणाऱ्या खेळाडूने) नुसता कॉल केला, ब्लाइंड भरणारे दोघे पॅक झाले. पॉट 15, मागे प्रत्येकाकडे शिल्लक 194, म्हणजे पॉटच्या जवळजवळ तेरापट. आता तेच बटनने 18 केले आणि पहिल्याने कॉल केला. पॉट 39, मागे 182, पाचपटीच्याही आत. पहिल्या पॉटमध्ये रिव्हरपर्यंत सगळा स्टॅक (आपल्याकडचे सगळे पैसे) आत घालायचा तर फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता), रिव्हर (पाचवा) तिन्हीवर पूर्ण पॉटएवढी बेट लागते. दुसऱ्यात पॉटच्या 60 टक्क्यांहून थोडी कमी पुरते. म्हणून एक्का-राजाला फ्लॉपवर एक्क्याची जोडी लागली तर थ्री-बेट पॉटमध्ये ती सोडणं सहसा चूक, आणि साध्या पॉटमध्ये तीच जोडी घेऊन सगळे पैसे लावणं धोक्याचं.

छोट्या जोड्यांचं उलट. पंजांच्या जोडीला फ्लॉपवर सेट (तिसरा पंजा) साधारण साडेआठांत एकदाच लागतो. री-रेजला कॉल करायला आणखी 12 मोजून फ्लॉपनंतर समोरच्याकडून जास्तीत जास्त 182 मिळवायचे, तेही समोरच्याकडे काही लागलं असेल तर. पोझिशनही नसेल तर मी पॅक करतो.

प्रश्न : री-रेजला 'फेरवाढ' म्हणावं का? फेरतपासणी, फेरनिवडणूक आहेतच.

उत्तर : शब्द छान आहे, लेखात वापरा. टेबलावर मात्र आकडाच हवा, कारण फेरवाढीवर पुन्हा वाढ झाली की ती फोर-बेट, आणि ती 44 ची होऊन कॉल झाली तर वरच्याच गेममध्ये पॉट 91 आणि मागे 156 उरतात. ते 'फेरवाढ' मधून कळत नाही.