मुलाचा रिपोर्ट कुठे आहे?

सुनेला दिवस राहत नाहीत म्हणून तिच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, एचएसजी (गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे) सगळं झालं, आता थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सांगितलंय, असं लिहिलंत काकू. पण मुलाच्या वीर्यतपासणीचा उल्लेखच नाही! स्वस्त आणि बिनदुखण्याची तपासणी ती. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस्स. रिपोर्ट वाईट आला तरी हाय खाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, मध्ये जोरदार ताप येऊन गेला तरी आकडा घसरतो, म्हणून पुन्हा तपासतात. जिमवाल्याने दिलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये; त्या इंजेक्शनांनी शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. गर्भनलिका मोकळ्या आणि शुक्राणू बरे असतील तर आधी आययूआयबद्दल (नळीने शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) विचारा. सूनबाई पस्तिशीपुढच्या असतील तर मात्र वेळ दवडू नका.