शब्दचर्चा: ‘अप्रभावी’ जनुक, की आणखी काही?

अनुस्वार:
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणी शिबिरासाठी एक पानी माहितीपत्रक मराठीत करतेय. पाठ्यपुस्तकातला शब्द घेऊन लिहिलं, ‘हा आजार अप्रभावी जनुकामुळे होतो.’ वाचून दाखवल्यावर एका आजोबांनी विचारलं, “प्रभावच नाही म्हणता, मग रक्त कशाला तपासता?” प्रश्न चोख आहे. सुप्त, प्रच्छन्न, गौण, दबलेलं असे पर्याय सुचलेत. काय वापरावं?

मात्रावेलांटी:
सुप्त. कळतं पटकन.

लॅबवाली:
‘गौण’ तर मुळीच नको. त्यात कमी दर्जाचा वास येतो आणि खेड्यात असल्या शब्दांवरून सोयरिकी मोडतात.

वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलने 1866 सालच्या निबंधात ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ यांचे मूळ शब्द (इंग्रजीत डॉमिनंट आणि रिसेसिव्ह) वापरले तेव्हा तो दिसणाऱ्या गुणांबद्दल बोलत होता. ‘जनुक’ ही कल्पनाही तेव्हा नव्हती, त्यासाठीचा शब्द योहानसेन या शास्त्रज्ञाने 1909 मध्ये दिला. मेंडेलने कारणही लिहून ठेवलंय: संकरात जो गुण मागे सरतो किंवा पार दिसेनासा होतो, पण पुढच्या पिढीत जसाच्या तसा परत येतो, त्याला ‘रिसेसिव्ह’ हे नाव. म्हणजे अर्थ ‘मागे सरणारा’ असा आहे, ‘प्रभाव नसलेला’ असा नाही. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून आलेले सगळे दाणे गोल होते. ते पेरल्यावर 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले निघाले, साधारण तिनास एक.

खरी गंमत पुढे आहे. दाणा सुरकुततो कारण स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) त्यात धड तयार होत नाही. स्टार्च कमी पडतो, साखर जास्त राहते, तिच्यामुळे पाणी जास्त शिरतं आणि वाळताना दाणा आकसतो. संकरित दाणा वरून गोल असतो, पण त्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते दोन्हींच्या मधले दिसतात! नुसत्या डोळ्यांनी पाहाल तर एक गुण मागे सरलाय, भिंगातून पाहाल तर सरलेला नाही.

सिकलसेलचं तेच. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की झालं हिमोग्लोबिन ‘एस’. आई आणि वडील दोघांकडून ‘एस’ आला तरच आजार, म्हणून आजारापुरता तो मागे सरणारा. पण वाहकाचं, म्हणजे एकाच पालकाकडून ‘एस’ आलेल्याचं, रक्त इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेच्या साहाय्याने प्रथिनं वेगळी करणाऱ्या चाचणीत) लावलं की नेहमीचं ‘ए’ आणि ‘एस’ हे दोन्ही पट्टे समोर येतात. तिथे दोघेही प्रकट, कुणीच सुप्त नाही. शिवाय ज्या मुलांत एकच ‘एस’ असतो त्यांना फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर तडाख्यापासून बरंच संरक्षण मिळतं. आता सांगा, झोपलेलं जनुक हे काम कसं करेल?

माझं मत: पत्रकात या विशेषणाच्या नादी लागूच नका. विदर्भात लोक ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ असं सर्रास बोलतात. तेच ठेवा, जोडीला अनुक्रमे ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’.

मात्रावेलांटी:
बरं, सुप्त मागे घेतो. पण प्रभावी म्हणजे जास्त लोकांत आढळणारा, एवढं तरी खरं ना?

लॅबवाली:
तेही नाही. ‘ओ’ रक्तगट दोन्हीकडून ‘ओ’ आल्याशिवाय मिळत नाही, तरी आपल्याकडे ‘ओ’वाले कितीतरी. उलट एका प्रकारचा खुजेपणा जनुक एकाच पालकाकडून आलं तरी येतो, म्हणजे चक्क प्रभावी, पण असतो अगदी विरळा.

कोरडवाहू:
आमच्याकडे याला सरळ वाण आणि संकरित वाण म्हणतात. सरळ वाणाचं घरचं बी धरलं तरी पीक तसंच येतं. संकरिताचं बी धरून पेरा, दुसऱ्या वर्षी कुठे उंच, कुठे बुटकं, कणसंही लहानमोठी. लोक म्हणतात बियाण्यात खोट होती. खोट कसली, पहिल्या वर्षी जे मागे सरलं होतं तेच पुढे आलं! मेंडेलनेही सुरुवात सरळ वाणांपासूनच केली होती, नाहीतर त्याचा हिशोब लागलाच नसता.

आजोळ:
घरात याला शब्द आहेच की. ‘आजीच्या वळणावर गेली.’ आईत दिसलं नाही, नातीत दिसलं. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांना हे वळण कधी समजावता येत नाही.

लॅबवाली:
वळण छान आहे, पण तोंडवळा एका जनुकाचा खेळ नसतो. उंची, वर्ण, नाक यांत पुष्कळ जनुकं असतात, शिवाय खाणंपिणं, ऊन. तिथे तिनास एक शोधत बसू नका.

अनुस्वार:
पत्रकात आता असं आहे: ‘आई-वडील दोघेही वाहक असतील तर चार मुलांपैकी एकाला आजार होतो.’ चालेल?

लॅबवाली:
नाही चालणार! लोक वाचतात की पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. असं लिहा: ‘प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची दोनात एक. आधीच्या मुलांना काय झालं यावर ते ठरत नाही.’ लांब होईल, होऊ द्या.

जोडाक्षर:
पत्रकाच्या मथळ्यात ‘अनुवांशिक’ लिहिलंय का? मूळ शब्द अनुवंश, त्याला ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: आनुवंशिक. कानामात्रेत ‘वां’ला जागा नाही. सरकारी फलकांवरही चुकीचं सापडतं.

आणि ‘जन्मजात’ हा त्याला पर्याय म्हणून वापरू नका. गरोदरपणात आईला रुबेला (गोवरासारखा एक संसर्ग) झाला आणि बाळ बहिरं जन्मलं, तर ते जन्मजात आहे पण आनुवंशिक नाही. हंटिंग्टनचा मेंदूचा आजार आनुवंशिक, पण बहुधा तिशी-चाळिशीनंतर कळतो. सिकलसेलमध्येही बाळ पहिले काही महिने बरं दिसतं, कारण तोवर त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. पत्रकात ही ओळ टाकाच, नाहीतर ‘जन्मताना चांगलं होतं, नंतर कुणाची नजर लागली’ हे सुरू होतं.